रिपोर्ट कपाटात नको, मुलीच्या हातात द्या

तासगाव तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा :

"आमची द्राक्षबाग आहे. मोठी मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. तिला पाळी आलीच नाही. बाकी अंगानं चारचौघींसारखी, उंच, छाती व्यवस्थित भरलेली. काखेत वगैरे केस मात्र नाहीत. चार वर्षांची असताना जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. मिरजेला सोनोग्राफी केली तर गर्भपिशवी नाही म्हणाले. मग रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. रिपोर्टवर '४६, एक्सवाय' आलंय. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाच आत बोलावलं आणि म्हणाले, हिची गुणसूत्रं मुलाची आहेत, पोटात वृषण आहेत, काढून टाका. रिपोर्ट मी कपाटात साड्यांखाली ठेवलाय. पोरीला सांगितलंय की रक्त कमी आहे. दीर म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत हर्निया सांगून ऑपरेशन उरकू, अठरा पूर्ण झाली की लग्न लावून देऊ, कुणाला कळायचं कारण नाही. रागाच्या भरात 'मग ही तृतीयपंथीच की' असंही बोलले. सासूबाई म्हणतात देवीचा कोप आहे, सौंदत्तीला नेऊन माळ घालू. माझ्या सख्ख्या मावशीलाही पाळी नव्हती. ती नांदली नाही, जन्मभर माहेरीच राहिली. म्हणजे हे माझ्याकडून आलं का? माझी मुलगी, मुलगी आहे की मुलगा? धाकटी तेरा वर्षांची आहे, तिची पाळी सुरू झाली आहे. रात्र रात्र झोप लागत नाही."

ताई,

सगळ्यात आधी दिवाळीच्या सुट्टीतलं ते ऑपरेशन थांबवा. त्याची एवढी घाई नाही, आणि मुलीला खोटं सांगून तर ते होताच कामा नये. 

तुमची मुलगी मुलगीच आहे. सतरा वर्षं ती मुलगी म्हणून वाढली, तुमच्या पत्रावरून तरी तिला स्वतःबद्दल तसंच वाटतं, आणि एक कागद आल्यामुळं ती कालच्याहून वेगळी झालेली नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. शरीर कसं घडतं ते नीट बघितलं तर तुम्हालाही पटेल.

तो रिपोर्ट तयार कसा होतो ते बघा. तिचं थोडंसं रक्त प्रयोगशाळेत गेलं. त्यातल्या पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास उबेत वाढवल्या. पेशी दुभंगायच्या ऐन वेळी औषध घालून त्यांना तिथंच थांबवलं, कारण गुणसूत्रं तेव्हाच सुटी सुटी दिसतात. मग त्या काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून जोड्या लावल्या. बावीस जोड्या बायका-पुरुषांत सारख्याच असतात. तेविसाव्या जागी बायकांत सहसा दोन एक्स असतात, पुरुषांत एक एक्स आणि एक वाय. तिच्यात तिथं एक मोठं एक्स आणि त्याच्या शेजारी बुटकं वाय दिसलं. रिपोर्ट एवढंच सांगतो. त्या वायनं पुढं शरीरात कुठलं काम केलं आणि कुठलं अडलं, हे त्या फोटोत दिसत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत महत्त्वाचं नेमकं तेच आहे.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा काय नि मुलगी काय, रचना एकच असते. दोघांकडं सारख्याच कच्च्या ग्रंथी आणि दोन्ही प्रकारच्या नळ्या असतात. एकीपासून पुढं गर्भपिशवी होऊ शकते, दुसरीपासून पुरुषाच्या वीर्यनलिका. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं जनुक असतं, ते १९९० साली सापडलं. सातव्या आठवड्याच्या आसपास ते कामाला लागलं की कच्च्या ग्रंथींचे वृषण होतात. हे वृषण दोन मुख्य द्रव्यं सोडतात. एएमएच नावाचं द्रव्य गर्भपिशवीची नळी जिरवून टाकतं. दुसरं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन), त्याच्या जोरावर बाहेरची इंद्रियं मुलाची घडतात. ही दोन्ही मिळालीच नाहीत तर शरीर मुलीच्या वाटेनं जातं. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात सशांच्या गर्भांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं.

तुमच्या मुलीत एएमएचचं काम झालेलं दिसतं, म्हणून गर्भपिशवी नाही. अडलंय ते टेस्टोस्टेरॉनचं. ते तयार होतं, रक्तातून फिरतं, पण त्याला धरून कामाला लावणारं अँड्रोजन रिसेप्टर नावाचं प्रथिन पेशींमध्ये नीट बनलेलं नाही. बागेत ठिबक चालू आहे, पण मुळांना पाणी उचलताच येत नाही, तसं काहीसं. त्यामुळं शरीर बाहेरून मुलीचंच घडलं. वयात येताना शरीरानं तेच टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदललं, त्यातून छाती आली. काखेतले केस मुलींमध्येसुद्धा टेस्टोस्टेरॉनच्या गटातल्या संप्रेरकांमुळंच येतात. पेशी त्यांना दादच देत नाहीत, म्हणून केस नाहीत. आणि चौथ्या वर्षीचा तो हर्निया! अशा मुलींमध्ये वृषण बऱ्याचदा जांघेत येऊन थांबतात आणि तिथं फुगवटा दिसतो. लहान मुलीला जांघेचा हर्निया झाला तर ही शक्यता तपासून बघायची असते. तेव्हा ती बघितली गेली नाही असं दिसतं.

याला कम्प्लीट अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, थोडक्यात सीएआयएस म्हणतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे डॉ. जॉन मॉरिस यांनी १९५३ मध्ये अशा ८२ रुग्णांची माहिती एकत्र मांडली, म्हणजे वैद्यकाला ही गोष्ट सत्तर वर्षांहून जास्त काळ नीट माहीत आहे. एक्सवाय गुणसूत्रं घेऊन जन्मणाऱ्या साधारण २० हजार ते ६४ हजार बाळांमागे एकाला हे असतं. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांवर होती. त्यातली निम्मी माणसं एक्सवाय धरली, तर त्या हिशेबानं एकट्या आपल्या जिल्ह्यात अशा निदान वीस-बावीस बायका असाव्यात, कदाचित साठ-सत्तरही. त्यातल्या कितीजणींना स्वतःबद्दल हे माहीत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही. पत्रातली लक्षणं सीएआयएसशी तंतोतंत जुळतात, पण एक्सवाय असूनही मुलीसारखं शरीर असण्याची आणखीही काही कारणं आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. स्वायर सिंड्रोममध्ये गर्भपिशवी असते, छाती मात्र आपोआप येत नाही, आणि तिथं पोटातल्या ग्रंथी लवकर काढणं भाग असतं, कारण त्यांत गाठ होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून टेस्टोस्टेरॉन, एलएच, एएमएच या रक्ततपासण्या आणि अँड्रोजन रिसेप्टरच्या जनुकाची तपासणी झाल्याशिवाय कुणीही सुरी उचलू नये.

सीएआयएस पक्कं झालं तर ऑपरेशनचा हिशेब असा. आत राहिलेल्या वृषणांत कर्करोग होण्याची शक्यता पूर्ण वयात येईपर्यंत फारच कमी असते, पुढं वयाबरोबर ती वाढत जाते. दुसरीकडं याच ग्रंथींमुळं तिच्या शरीराला स्वतःचं इस्ट्रोजेन मिळतं, हाडं भरतात, छाती वाढते. त्या काढल्या की दुसऱ्या दिवसापासून पन्नाशीच्या आसपासपर्यंत बाहेरून इस्ट्रोजेन घ्यावं लागतं. गोळी, पट्टी किंवा जेल, पण न चुकता. ते सुटलं तर ऐन पंचविशीत हाडं ठिसूळ व्हायला लागतात. "हर्निया होता" असं सांगून ग्रंथी काढल्यावर तुम्ही तिला या गोळ्या कशाच्या म्हणून देणार? कॉलेजला, नोकरीला बाहेर गेल्यावर ती त्या कशाला घेईल? दिरांच्या बेतातलं सगळ्यात धोक्याचं मला हे वाटतं. काही बायका विशीत ग्रंथी काढून घेतात, काही दर वर्षी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. दोन्ही मार्ग डॉक्टरांना मान्य आहेत. निवड तिची. आज सही तुमची लागेल, काही महिन्यांनी ती अठराची झाली की तिची लागेल. तेवढं थांबायला काहीच हरकत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मुलगा की मुलगी हे नेमकं ठरतं कशावरून? गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकांचा शरीरावर होणारा परिणाम, बाहेरचं शरीर आणि आपण कोण आहोत ही आतली जाणीव. बहुतेकांमध्ये या साऱ्या गोष्टी एकाच दिशेला असतात, म्हणून जन्मात कधी असा प्रश्न पडत नाही. तुमच्या मुलीत पहिल्या दोन एका दिशेला आणि बाकीच्या दुसऱ्या दिशेला आहेत. तेव्हा एकट्या वाय गुणसूत्रावर बोट ठेवून "मूळचा मुलगा" असं म्हणणं शास्त्राला धरून नाही. सीएआयएस असलेल्या बहुतेक सगळ्या जणी स्वतःला स्त्रीच मानतात, हे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

उलट बाजूनंही एक गोष्ट सांगते. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६५ साली जुळे मुलगे झाले. काही महिन्यांचे असताना सुंता करताना अपघात होऊन एकाचं लिंग जळून गेलं. अमेरिकेतले नावाजलेले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्यानं त्याला मुलगी म्हणून वाढवलं. ऑपरेशन केलं, फ्रॉक घातले, नाव बदललं आणि त्याला काही म्हणता काही सांगितलं नाही. पुढं कित्येक वर्षं पुस्तकांत हा प्रयोग यशस्वी म्हणून छापला गेला. प्रत्यक्षात त्या मुलानं ते कधीच स्वीकारलं नाही. चौदाव्या वर्षी वडिलांनी खरं सांगितलं आणि त्यानं लगेच मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. त्याचं नाव डेव्हिड रायमर. १९९७ मध्ये मिल्टन डायमंड आणि किथ सिग्मंडसन यांनी खरी हकिगत प्रसिद्ध केली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. वाढवण्यानं जाणीव हवी तशी घडवता येत नाही, आणि तुमच्या मुलीसारख्यांकडं बघितलं तर नुसत्या गुणसूत्रांनीही ती ठरत नाही. जन्माआधीची संप्रेरकं, मेंदूची घडण, आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असावा असं संशोधकांना वाटतं, पण कुणाची जाणीव कुठली हे सांगणारी रक्तचाचणी किंवा स्कॅन अजून तरी नाही. ज्याचं त्यानं सांगायचं. तुमच्या मुलीलाही कुणीतरी एकदा मोकळेपणानं विचारलं पाहिजे की, बाळा, तुला स्वतःबद्दल काय वाटतं. उत्तर बहुधा तुम्हाला माहीत आहे तेच येईल. वेगळं आलं, तरी ते ऐकून घ्यायचं.

दिरांनी जो शब्द वापरला तो त्यांनी शिवी म्हणून वापरला, याचं मला वाईट वाटलं. तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर माणसांचा विषय वेगळा आहे. त्यांच्यात बहुतेकदा गुणसूत्रं, ग्रंथी, शरीर एका दिशेला असतात आणि जाणीव दुसऱ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि तो मनाचा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ही गोष्ट मानसिक विकारांमधून काढून टाकली आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. भाऊजींना हे शांतपणे, पण त्यांच्या तोंडावर सांगा. मुलीसमोर तो शब्द शिवी म्हणून पुन्हा निघता कामा नये. सासूबाईंनी देवीला खुशाल जावं, नारळ-ओटी करावी. मुलीच्या गळ्यात माळ घालण्याची, म्हणजे तिला देवीला सोडण्याची गोष्ट मात्र घरात निघूसुद्धा देऊ नका. देवदासी प्रथेला महाराष्ट्रातही कायद्यानं बंदी आहे आणि कर्नाटकातही.

हे तुमच्याकडून आलं का? शक्यता मोठी आहे, आणि तरीही त्यात तुमचा काडीचाही दोष नाही. अँड्रोजन रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. एक्सवाय बाळाचं एक्स आईकडूनच येतं. साधारण तीनांतल्या दोघींमध्ये हा बदल आईकडून आलेला असतो, एकीत नव्यानं घडलेला. आईकडं दुसरं चांगलं एक्स असतं, म्हणून तिला काहीच जाणवत नाही. तुमच्या मावशीचं वाचून मी बराच वेळ थांबले. आज काही सिद्ध करता येणार नाही, पण त्यांनाही हेच असण्याची दाट शक्यता आहे. ज्या बाईला नवऱ्यानं सोडलं, गावानं वांझ म्हटलं, तिच्या शरीरात बहुधा एक प्रथिन नीट बनत नव्हतं इतकंच, आणि तिला ते कुणी कधी सांगितलं नाही. त्या हयात असतील तर त्यांनाही सांगा. धाकटीची पाळी सुरू आहे, म्हणजे तिला स्वतःला हे नाही. ती वाहक असू शकते, म्हणजे तिला स्वतःला त्रास नाही, पण तिच्याकडून हा बदल पुढच्या पिढीत जाऊ शकतो. तिची तपासणी आत्ता नको. ती मोठी झाल्यावर, लग्नाचा किंवा मुलाबाळांचा विचार करील तेव्हा तिला माहिती द्या, तपासायचं की नाही ते तिचं ती ठरवील.

लग्नाबद्दल स्पष्ट लिहिते. लपवून लग्न लावू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली असेल तर ते लग्न रद्द ठरवून घेता येतं. म्हणजे तुमची पोर सासरी जाऊन वर्ष-दोन वर्षांत कोर्टाच्या पायऱ्या चढणार, आणि तिथं पहिल्यांदा तिला स्वतःच्या शरीराची माहिती कळणार. खरं सांगून झालेली लग्नं होतात आणि टिकतात. योनीमार्ग आखूड असू शकतो, पण तो डायलेटर नावाच्या साध्या साधनानं घरच्या घरी, हळूहळू वाढवता येतो. ऑपरेशन क्वचितच लागतं, आणि हेही तिला हवं असेल तेव्हाच. तिला गरोदर राहता येणार नाही. मूल हवं असेल तर 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेमार्फत रीतसर दत्तक घेता येतं. आणि तिला लग्नच करायचं नसेल, शिकायचं असेल, तर तेही ठीकच आहे.

मुलीला सांगायचं का, हा प्रश्नच मला उरलेला दिसत नाही. बारावीच्या जीवशास्त्रात एक्सएक्स-एक्सवायचा धडा आहे. सायन्सची मुलगी आहे, पाळी का नाही हे ती मोबाइलवर शोधत नसेल असं समजू नका. स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला हे १९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या स्पर्धेच्या वेळी, एका चाचणीमुळं कळलं. तिला दुखापतीचं नाटक करून गप्प बसायला सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी ती गप्प बसली नाही, धावली, जिंकली, आणि तिचा रिपोर्ट वर्तमानपत्रांत फुटला. शिष्यवृत्ती गेली, मित्र गेले, विक्रम पुसले गेले. लढून तिनं १९८८ मध्ये परत धावण्याची परवानगी मिळवली. ही हकिगत तिनं स्वतः लिहून ठेवली आहे. परक्यांकडून कळलं की काय होतं ते त्यात दिसतं. ज्या बायकांना जुन्या फायलीतून उशिरा कळतं, त्यांचा राग गुणसूत्रांवर नसतो. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, यावर असतो.

छाटणीची गडबड सरू दे, बोर्डाची परीक्षा होऊ दे, असं करत बसू नका. या आठवड्यात एखादी दुपार काढा. तुम्ही दोघंही असा, वडिलांनी बाहेर जाऊन बसायचं नाही. दीर नकोत, सासूबाई नकोत. रिपोर्ट तिच्या हातात द्या आणि साध्या शब्दांत बोला : "तुला रक्त कमी आहे असं आम्ही सांगितलं, ते खरं नव्हतं. आम्ही घाबरलो होतो. तुझ्या जिवाला धोका नाही. तुझ्यात गर्भपिशवी तयार झालेली नाही, म्हणून पाळी येणार नाही. तुझी गुणसूत्रं एक्सवाय आहेत आणि पोटात वृषण आहेत, पण तुझं शरीर त्यांच्या टेस्टोस्टेरॉनला दाद देत नाही. अशा बऱ्याच बायका आहेत. पुढचं काय करायचं ते तुला विचारूनच करू." मग थांबा. ती रडेल, चिडेल, किंवा काहीच बोलणार नाही आणि दोन दिवसांनी मध्यरात्री येऊन प्रश्न विचारेल. मुलाबाळांचं दुःख तिला नंतर, वेगळं होईल. त्याला वेळ द्या. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे यापुढं ती ठरवील. मैत्रिणींना, आत्या-मामांना तुम्ही परस्पर सांगू नका.

त्यानंतर तिला घेऊन अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडं, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं जा. मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारा. तिथून वर पाठवायची गरज पडली तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. सोबत तीन गोष्टी घ्या : मूळ रिपोर्ट, सोनोग्राफीची फिल्म, आणि चौथ्या वर्षीच्या हर्नियाच्या ऑपरेशनचे कागद. त्या वेळी एका बाजूची ग्रंथी काढली होती का, तिची तपासणी झाली होती का, हे त्या कागदांवरूनच कळेल. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व या दोन्हींबद्दल विचारायला विसरू नका. डॉक्टर आत बोलावतील तेव्हा मुलगीही तुमच्याबरोबर आत हवी. आणि "आधी आई-वडील येऊ देत" असं कुणी म्हणालं, तर तिला सगळं माहीत आहे असं सांगा.